आधी यादी, मग पुस्तक? वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपण वाचनालयाच्या फलकावर एक सूचना लावलीत. 'चतुरस्र वाचक घडविण्यासाठी' हे तिचं शीर्षक. खाली ३० अभिजात ग्रंथांची यादी आणि त्याखाली नियम. विद्यार्थी सभासदांनी यादीतले किमान १० ग्रंथ वाचायचे, प्रत्येकाचा सारांश वहीत लिहायचा, वहीवर सही घ्यायची. तोवर रहस्यकथा, भयकथा, अनुवादित कादंबऱ्या 'व तत्सम हलके वाचन' घरी मिळणार नाही. शेवटचं वाक्य असं: 'अभिजात साहित्य वाचल्याशिवाय वाचक परिपूर्ण होत नाही.'

मी ऑगस्टमध्ये लेखी अर्ज दिला. 'विषय पुढच्या बैठकीत घेऊ' असं सांगण्यात आलं. त्यानंतर दोन बैठका झाल्या, विषय निघाला नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. वाचनालय शासनाच्या अनुदानावर आणि गावाच्या वर्गणीवर चालतं. त्याच्याबद्दल बोलायचं तर गावासमोरच बोलावं, असं मला वाटतं.

मी आपली आजीव सभासद. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, परभणी जिल्ह्यात, बहुतेक काळ गंगेकाठच्या गावांत. (बाहेरच्यांसाठी सांगते: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) अभिजात साहित्याची मी विरोधक नाही. ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा माझ्या उशाशी असते, आणि म्हणूनच मला हा नियम सोसत नाही.

नियम लागल्यावर दुसऱ्या शनिवारी मी मासिकांच्या टेबलाशी बसले होते. नववीतली एक मुलगी काउंटरवर आली. नियम यायच्या आधी तिनं एका रहस्यकादंबरीचा पहिला भाग नेला होता. तो तिनं परत केला आणि दुसरा मागितला. पुस्तक समोरच्या मांडणीवर दिसत होतं. ग्रंथपालांनी फलकाकडे बोट केलं. तिनं उभ्या उभ्या, ओठ हलवत, अख्खी यादी वाचली. मग म्हणाली, "सर, हे धा वाचूस्तोवर मी पहिला भाग इसरून जाईन की."

ग्रंथपालांचा यात दोष नाही. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. मान खाली घालून ते म्हणाले, "नियम आहे बेटा." ती रिकाम्या हातानं गेली. तेव्हापासून ती मला वाचनालयात दिसलेली नाही.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार सक्तीबद्दल आहे. ती मी भोगलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी आज्जी निरक्षर होती. पहाटे जात्यावर बसली की जनाबाईचे अभंग म्हणायची. 'दळितां कांडितां तुज गाईन अनंता' हे मी दळणाच्या आवाजात ऐकलं. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे आमच्याच अंगणातली. आज्जीला ती शेजारच्या वाड्यातल्या बाईसारखी वाटायची. कुणी तिला 'तुम्ही अभिजात साहित्य म्हणता आहात' असं सांगितलं असतं, तर तिनं दळण थांबवलं नसतं. माझा बाप उर्दू चौथी शिकलेला. निजामाच्या राज्यात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी अक्षरं त्यानं नंतर, मोठेपणी, देवळातल्या पोथीवर बोट ठेवून ओळखली. पांडवप्रताप आणि हरिविजय त्याला जवळजवळ पाठ होते.

अशा घरातली मी. चौदा वर्षांची असताना शाळेत एका गुरुजींनी माझ्या हाती ज्ञानेश्वरीची मूळ प्रत दिली. ना अर्थ, ना टीप. रोज २० ओव्या वाचायच्या आणि गोषवारा लिहून आणायचा. गुरुजींचा हेतू चांगला होता, आजही मी तसंच मानते. पण 'कां', 'जैसें', 'तेउतें', 'नावेक' या शब्दांच्या जंगलात मी एकटी होते. गोषवारा चुकला की वर्गासमोर उभं राहायचं. दोन महिन्यांत मला पुस्तकाची भीती बसली. नुसत्या ज्ञानेश्वरीची नव्हे, सगळ्याच पुस्तकांची. पुढं दोन वर्षं मी अभ्यासाबाहेरचं एक पानही वाचलं नाही.

मला परत आणलं ते आपल्याच वाचनालयानं. तेव्हाचे ग्रंथपाल म्हातारे होते, आता हयात नाहीत. भावाबरोबर मी वर्तमानपत्र आणायला गेले होते. त्यांनी काही न विचारता बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा माझ्यापुढं सरकवली. "रात्री कंदिलाचं तेल संपवू नकोस," इतकंच म्हणाले. मी तेल संपवलं. त्या उन्हाळ्यात मी चाळीसेक रहस्यकथा वाचल्या. त्यानंतर सामाजिक कादंबऱ्या, मग आत्मचरित्रं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचताना मला पहिल्यांदा कळलं की बाई घरात बोलते तशीच लिहूही शकते.

आणि ज्ञानेश्वरी? ती मला भेटली वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नोकरीच्या गावी, सप्त्यात. मांडवात पारायण चालू होतं. बारावा अध्याय चालला होता, आणि ही ओवी आली:

'माळियें जेउतें नेलें । तेउतें निवांतचि गेलें । तया पाणिया ऐसें केलें । होआवें गा ॥'

माझ्या शेजारी एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्यानं मान हलवली आणि हातानं दंडाचं पाणी वळवल्याची खूण केली. जन्मभर दारं धरलेला माणूस तो. माळी नेईल तिकडं पाणी मुकाट्यानं जातं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चौदाव्या वर्षी ज्या 'तेउतें'पाशी मी अडले होते, तो शब्द त्याच्या हाताच्या खुणेत मला कळला. दुसऱ्याच महिन्यात मी पगारातून सार्थ ज्ञानेश्वरी विकत घेतली.

अध्यक्ष महोदय, बारा वर्षं मधे गेली. ती सक्तीनं वाया घालवली आणि रहस्यकथेनं वाचवली. आपला नियम नेमका उलटा आहे. ज्या वाटेनं मी आले ती वाट तुम्ही बंद करता आहात, आणि जिथून मी पळाले ते दार मुलांपुढं उघडता आहात.

दुसरी तक्रार 'हलके वाचन' या शब्दांबद्दल.

आपल्या यादीत एकनाथ महाराज आहेत, एकनाथी भागवत आहे. योग्यच आहे. पण नाथांकडं थोडं बारकाईनं पाहा. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, याच माणसानं ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा केल्या, त्यात शिरलेले पाठभेद काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा, असा इशाराही दिला. अभिजात ग्रंथाची इतकी कडक राखण मराठीत त्याआधी कुणी केलेली मला ठाऊक नाही. आणि त्याच नाथांनी पैठणात भारुडं लिहिली. विंचू चावला, जोशी, गोंधळी, वासुदेव, भूत. बाजारातली, जत्रेतली, वेशीबाहेरची माणसं, त्यांचीच बोली, त्यांचीच सोंगं. आज आपल्या मंडळापुढं भारूड नवं म्हणून आलं असतं, तर ते कुठल्या मांडणीवर गेलं असतं? मला भीती वाटते, 'हलक्या' मांडणीवर.

नाथांना एका हातात शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी आणि दुसऱ्या हातात विंचू धरताना अडचण आली नाही. ते आपल्याच मातीतले. आपल्याला ती अडचण का यावी?

तिसरी तक्रार यादीची आहे. अभिजात काय हे कुणी ठरवलं, असा वाद मला घालायचा नाही. पण ३० नावांत एकही स्त्री नसावी? गंगाखेडपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या वाचनालयाच्या यादीत जनाबाई नाही. महात्मा फुल्यांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' नाही, आणि आपल्या सभासदांत निम्म्याहून जास्त घरं शेतकऱ्यांची. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' नाही, दया पवारांचं 'बलुतं' नाही. परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ नाहीत. मराठवाड्याची तीनच नावं आहेत: मुकुंदराज, ज्ञानेश्वर, एकनाथ. म्हणजे यादीनुसार आपल्या भागात सोळाव्या शतकानंतर वाचण्यासारखं कुणी काही लिहिलेलंच नाही.

सूचनेच्या सुरुवातीला आपण मराठीला मिळालेल्या अभिजात दर्जाचा उल्लेख केला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला ती बातमी आली तेव्हा मीही शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. पण तो दर्जा भाषेच्या प्राचीनतेबद्दल आहे, मुलांनी आधी काय वाचावं याबद्दल नाही. आणि त्या प्राचीनतेच्या पुराव्यांत ज्या ग्रंथाचं नाव पुढं असतं, ती गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली आहे आणि सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. ती यादीत नाही. कदाचित तिच्यात काय आहे ते आठवून कुणीतरी गाळली असेल. तिच्यात शेतं आहेत, नदीकाठ आहे, गावातल्या बायका आहेत, त्यांचं चोरून भेटणं आहे, वाट पाहणं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर बरंचसं 'हलकं' आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचं आपलं सगळ्यांत जुनं धन ते.

यादीबद्दल आणखी एक. अभिजात ग्रंथांची रांग एकदा लावली की संपली, असं कधीच झालेलं नाही. ताराबाई शिंद्यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये छापला गेला. मग जवळपास शंभर वर्षं तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला, आणि आज त्याच्याशिवाय एकोणिसाव्या शतकाबद्दल बोलता येत नाही. लीळाचरित्रासारखा तेराव्या शतकातला गद्यग्रंथ महानुभावांच्या सांकेतिक लिपीत शतकानुशतकं बंद होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली, तेव्हा कुठं बाकीच्या महाराष्ट्राला कळलं की आपलं गद्य इतकं जुनं आणि इतकं बोलकं आहे. १९०० साली कुणी ३० ग्रंथांची सक्तीची यादी केली असती, तर यातलं काहीच त्यात आलं नसतं. म्हणून यादी असावी, पण तिला कुलूप नसावं.

कुलपाचं निघालंच आहे तर चौथी तक्रार. यादीतले नऊ ग्रंथ 'दुर्मिळ' या कपाटात आहेत. त्याची किल्ली सचिवांकडं असते आणि ते आठवड्यातून एकदा येतात. बाकीच्यांची एकेकच प्रत आहे. ज्ञानेश्वरीची जी प्रत घरी न्यायला मिळते ती मूळ संहिता आहे, अर्थाविना. म्हणजे पंधरा वर्षांच्या लेकरासमोर आपण तेच वाढून ठेवलं आहे जे माझ्यासमोर पंचेचाळीस वर्षांपूर्वी ठेवलं होतं. वाचनालयाची वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. खेड्यांवरून येणाऱ्या मुलींची शेवटची एसटी साडेपाचला सुटते. त्यांनी हे दहा ग्रंथ कधी आणि कुठं बसून वाचावेत?

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला रंगनाथन यांची १९३१ ची पंचसूत्री माहीत असते. त्यातली दोन मला पाठ आहेत, कारण आपल्या जुन्या ग्रंथपालांनी ती पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लावली होती. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. नव्या सूचनेसाठी जागा करताना तो पुठ्ठा काढला गेला. तो कुठं ठेवला आहे, हे मला कळवलंत तर बरं होईल.

आता मूळ प्रश्नाकडं येते, कारण तो टाळून पुढं जाणं प्रामाणिक होणार नाही. अभिजात साहित्य वाचल्याशिवाय वाचक चतुरस्र होतो का?

आपली काळजी खोटी नाही. मुलांच्या हातात मोबाइल आहे, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची गाइडं आहेत, कपाटांवर धूळ आहे. हे पाहून आपल्याला काहीतरी करावंसं वाटलं, यात तुमची तळमळच दिसते. आणि जुने ग्रंथ न वाचलेल्या वाचकाचं काहीतरी राहून जातं, हेही मी मान्य करते. काय राहून जातं, ते मला दोन ठिकाणी कळलं.

एक म्हणजे पुस्तकं एकमेकांशी बोलतात. फुल्यांनी 'अखंड' रचले ते अभंगाच्या चालीवर. ज्यानं तुकाराम ऐकलेला नाही, त्याला फुले कुणाच्या घरात उभे राहून काय बदलायला सांगत आहेत, हे अर्धंच कळतं. नंतरच्या विद्रोही कवितेचंही तसंच आहे. भांडण कुणाशी आहे ते ठाऊक नसेल तर भांडणाची धार लागत नाही.

दुसरं सांगायला मला अवघड जातं. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घागरी घेऊन रांगेत असायची, उशिरा यायची. एका सकाळी मी पाठ बाजूला ठेवला आणि फळ्यावर तुकोबांची ओळ लिहिली: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' तो १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, हे सांगितलं. तुकोबांची बायको त्यात गेली, हेही सांगितलं. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, 'नेला मान' म्हंजी सावकार दारात आला व्हता का?" मी हो म्हणाले. तो पुढं काही बोलला नाही. त्याच्या घरी त्या महिन्यात काय झालं होतं ते मला माहीत होतं. त्यानं ती ओळ वहीत उतरून घेतली. मी सांगितलं नव्हतं.

जुना ग्रंथ हे देतो. चारशे वर्षांपूर्वी याच दुःखानं कुणाची तरी मान खाली गेली होती आणि त्यानं ती लपवली नाही, हे कळतं. दुसरं कुठलंही पुस्तक हे इतक्या खात्रीनं देत नाही, कारण त्याच्यावरून इतके दुष्काळ गेलेले नसतात. मला हे मिळालं, आणि प्रत्येक लेकराला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

पण म्हणून ते आवश्यक आहे का, आधी आहे का, अट आहे का? नाही. त्या मुलाला ती ओळ लागली, कारण ती वेळेवर आली आणि कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवली. वहीवर सही मिळवायची म्हणून वाचली असती तर लागली नसती.

शिवाय उलट बाजूही पाहा. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, आता नाहीत. संतवाङ्मय, पंडिती काव्य, संस्कृत नाटकं, सगळं वाचलेलं. 'बलुतं' मी त्यांना वाचायला दिलं, तर त्यांनी आठ दिवसांनी न उघडता परत केलं. "हे साहित्य नव्हे," म्हणाले. त्यांना परिपूर्ण वाचक म्हणायचं का? आणि आमच्या गल्लीतला एक शेतकरी रोज ॲग्रोवन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, कापसावरच्या बोंडअळीबद्दलचं कात्रण कापून ठेवतो, आणि रात्री देवळात हरिपाठ म्हणतो. त्याला वाचक न म्हणायला माझी जीभ वळत नाही. चतुरस्र म्हणजे चारी कोन असलेला. एकाच भिंतीचं घर करून त्याला चतुरस्र म्हणता येत नाही, मग ती भिंत कितीही जुनी आणि कितीही भक्कम असो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, सक्तीचा नियम आणि सारांशाची वही ताबडतोब मागे घ्यावी. विद्यार्थी सभासदाला हवं ते पुस्तक हवं तेव्हा मिळावं. 'हलके वाचन' हे शब्द फलकावरून पुसावेत.

यादी ठेवा, पण शिफारस म्हणून. ती नव्यानं करताना दोन शिक्षक, दोन विद्यार्थी आणि किमान दोन स्त्री सभासद यांना सोबत घ्या. जनाबाई, ताराबाई, फुले, अण्णा भाऊ, बी. रघुनाथ यांना तीत जागा द्या. नर्सीचे नामदेव घ्या, ज्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि जे पंजाबातून फिरून आपल्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पुन्हा ऐकू येतात. गाथासप्तशतीचा मराठी अनुवाद मागवा.

या वर्षीच्या ग्रंथखरेदीत सार्थ आणि सटीप आवृत्त्यांना पैसे राखून ठेवा. ज्ञानेश्वरीच्या अर्थासहित निदान तीन प्रती हव्यात. 'दुर्मिळ' कपाटाची एक किल्ली ग्रंथपालांकडं द्या. जे ग्रंथ खरोखर नाजूक झाले आहेत ते तिथंच बसून वाचायला द्या, बाकीचे बाहेर काढा.

वेळ बदला. आठवड्यातले निदान तीन दिवस वाचनालय दुपारी चारला उघडलं पाहिजे, म्हणजे शाळा सुटल्यावर एसटी येईपर्यंत मुलींना तासभर मिळेल. बाजाराच्या दिवशी दुपारभर उघडं ठेवलंत तर खेड्यांतून मोंढ्यावर आलेली माणसंही डोकावतील.

आणि शेवटची मागणी अशी की, आठवड्यातून एकदा तासभर मोठ्यानं वाचायची सोय करा. सतरंजी आणि दिवा, एवढंच लागेल. एकदा भारूड, एकदा 'स्मृतिचित्रे', एकदा मुलं सांगतील ती रहस्यकथा. वाचायला मी येईन, मानधन नको. माझ्यासारखे आणखी चार निवृत्त शिक्षक यायला तयार आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा अशी लेखी विनंती मी या पत्रासोबत पुन्हा देत आहे. सभेला मी हजर राहीन आणि सभासदांनीही यावं असं त्यांना याच पत्रातून सांगते.

एक काम मात्र सभेपर्यंत थांबवू नका. ती नववीतली मुलगी मला गेल्या आठवड्यात एसटी स्टँडवर भेटली. दसरा झाला की तिचे आईवडील टोळीबरोबर साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेऊन झाली आहे. या वर्षी तिनं आज्जीजवळ राहायचं की धाकट्या भावाला सांभाळायला सोबत जायचं, हे घरात अजून ठरलेलं नाही. मी तिला विचारलं, पुस्तकात पुढं काय झालं असेल गं? ती बस येईपर्यंत सांगत राहिली. खून कुणी केला याबद्दल तिचे तीन तर्क होते आणि प्रत्येकाला कारण होतं. पहिल्या भागातलं ती काहीच विसरली नव्हती.

दुसरा भाग अजून त्याच मांडणीवर आहे, वरून तिसऱ्या फळीवर, मी काल पाहून आले. दसऱ्याआधी तो तिला द्या. सोबत नेऊ द्या. परत यायला एप्रिल उजाडला तर दंड माझ्या नावावर लावा.

आपली,
एक आजीव सभासद, निवृत्त शिक्षिका
परभणी जिल्हा